घडीचा चाकू घ्यायचाय? आधी बिजागरी हलवून बघा

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर तीन टाक्यांची खूण आहे, ती ज्या चाकूनं दिली तो बघायला एकदम भारी होता. काळं पातं, हँडलवर नक्षी, उघडला की टक्क आवाज. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे, दिवसभर सुताचे बॉक्स फोडा, पॅकिंग पट्टी कापा, सुतळी कापा हेच चालू असतं. त्या दिवशी बॉक्सच्या कोपऱ्यात टोक अडकलं, मी चाकू ओढून काढायला गेलो, पात्याच्या पाठीवर दाब आला आणि लॉक सुटून पातं हँडलच्या खाचेत यायच्या ऐवजी सरळ बोटावर येऊन बसलं. चाकू फक्त दोन महिन्यांचा होता. नंतर दिव्याखाली धरून बघितला तर लॉकची पट्टी पात्याच्या नुसत्या कडेला टेकत होती, केसभर सुद्धा आत नव्हती, आणि ती पहिल्या दिवसापासून तशीच असणार कारण मी कधी बघितलंच नव्हतं.

सांगोल्याकडं आमच्या मामांची डाळिंबाची बाग आहे, त्यांनी तो चाकू हातात घेतला, पातं उघडून अंगठ्यानं एकदा इकडं एकदा तिकडं ढकललं आणि म्हणाले, "आरं, पात्याला काय भुलतो, बिजागरी बघायची आधी. दार कितीबी चांगलं असू दे, बिजागरी ढिली असंल तर काय उपयोग?" तेव्हापासून मी स्वतःसाठी, कारखान्यातल्या पोरांसाठी, भावासाठी जेवढे चाकू घेतले ते सगळे याच क्रमानं तपासून घेतले. दहा-पंधरा मिनिटाचं काम आहे आणि दुकानात उभ्या उभ्या करता येतं.

साइजचं लवकर उरकतो. रोज खिशात ठेवायला पातं ६ ते ८ सेंटिमीटर बास झालं. त्याच्या खाली गेलं की डाळिंब अर्धं कापतानासुद्धा पातं पुरत नाही, आणि वर गेलं की खिशात बोचतं आणि लोक बघून दचकतात. पण पात्यापेक्षा हँडलची लांबी महत्त्वाची. बंद चाकू मुठीत आवळून धरा, चारही बोटं हँडलवर बसली पाहिजेत. करंगळी बाहेर राहत असेल तर सुतळी-बितळी कापायला चालेल, प्लास्टिकची पॅकिंग पट्टी जोर लावून कापताना मात्र हातातून फिरतो. वजन १०० ग्रॅमच्या आत असलेलं बरं, नाहीतर पँटचा खिसा लोंबतो आणि चार दिवसांनी तुम्ही चाकू घरीच ठेवायला लागता.

आता लॉक. इथं घाई करू नका.

घडीच्या चाकूत साधारण चार प्रकार हातात येतात. एक म्हणजे लॉक नसलेला, नुसत्या पाठीच्या स्प्रिंगवर थांबणारा, याला स्लिपजॉइंट म्हणतात, व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचे छोटे लाल चाकू याच जातीचे. दुसरा लॉकबॅक, हँडलच्या पाठीवर मागं एक दाबायची जागा असते, ती दाबली की पातं सुटतं. तिसरा लायनर लॉक, हँडलच्या आत एक पातळ पट्टी असते ती पातं उघडलं की बाजूला सरकून पात्याच्या बुडाखाली येऊन बसते. हँडलची बाजूच कापून तीच पट्टी म्हणून वापरली की त्याला फ्रेम लॉक म्हणतात. आणि चौथा ओपिनेलवाला, मानेवर फिरणारी लोखंडी रिंग, ती फिरवली की पातं अडकलं. ओपिनेल ही फ्रान्समधली १८९० पासूनची कंपनी, पण ही रिंग त्यांनी १९५५ मध्ये आणली, आणि लहान नंबरच्या चाकूंना ती नसते, ६ नंबरपासून पुढं असते. ६ नंबरचं पातं साधारण ७ सेंटिमीटर आणि ८ नंबरचं साडेआठ, म्हणजे खिशासाठी ६ नंबर बरोबर बसतो.

लॉक नसलेला म्हणजे वाईट असं अजिबात नाही हे आधी सांगतो. मामांकडं पंधरा वर्षं स्प्रिंगवालाच आहे आणि एकदाही बोट कापलेलं नाही, कारण त्यांना माहितीय की तो ओढून कापायला आहे, खुपसायला नाही. काम कुठलं आहे त्यावर ठरवा. फळं, सुतळी, पाकीट, औषधाची पट्टी एवढंच असेल तर स्प्रिंगवाला घ्या, हलका असतो आणि खराब व्हायला त्यात काही नसतं. माझ्यासारखं बॉक्स-पट्टीचं काम असेल तर लॉक पाहिजेच.

स्प्रिंगवाला तपासायचा असा की पातं नखानं हळू उघडत न्यायचं. सुरुवातीला घट्ट, मध्ये एकसारखा जोर आणि शेवटी पातं स्वतःच ओढल्यासारखं टक्क करून बसलं पाहिजे. उघडं असताना पात्याच्या पाठीची आणि स्प्रिंगची रेघ एक दिसली पाहिजे, मध्ये पायरी किंवा फट नको. नख दुखेपर्यंत घट्ट असेल तर तोही घेऊ नका, असला चाकू उघडताना हात घसरतो.

लायनर लॉक आणि फ्रेम लॉक असेल तर चाकू पूर्ण उघडा, उजेडाकडं धरा आणि पट्टीचं टोक पात्याच्या बुडाखाली कुठं येऊन थांबलंय ते बघा. पात्याच्या जाडीच्या साधारण पाव ते निम्म्यापर्यंत पट्टी आत आलेली पाहिजे. नुसती कडेला टेकलेली असेल, जशी माझ्या चाकूची होती, तर ठेवून द्या. नवीन असूनही पट्टी पार पलीकडच्या बाजूला जाऊन चिकटली असेल तरी ठेवून द्या, कारण वापरात ही पट्टी झिजून पलीकडंच सरकत जाते, तिला सरकायला जागाच राहिली नाही तर पुढं काय होणार. हे दुकानदाराला सांगितलं की तो म्हणतो सगळ्यांचं असंच असतं. नसतं. त्याच मॉडेलचे तीन-चार पीस मागून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघा, फरक डोळ्याला दिसतो.

मग दाबून बघायचं. टेबलाच्या कडेवर एक टॉवेल घडी करून ठेवा, उघड्या चाकूच्या पात्याची पाठ, म्हणजे धार नसलेली बाजू, त्या घडीवर टेकवा, हँडल दोन बाजूंनी चिमटीत धरा, एकही बोट खाचेच्या वाटेत नको, आणि हळूहळू दाब वाढवत न्या. चांगलं लॉक असेल तर काहीच होणार नाही, आवाजसुद्धा नाही. पट्टी किंचित सरकली, कट्ट असा बारीक आवाज आला, किंवा पातं थोडं बसल्यासारखं वाटलं तर तो चाकू कितीही आवडला असला तरी नाही घ्यायचा. असं सात-आठ वेळा उघडून बंद करून करा, कारण खराब लॉक कधी कधी चार वेळा नीट धरतं आणि पाचव्यांदा सोडतं. काही जण पात्याची पाठ लाकडावर हातोडीसारखी आपटून बघतात, तसं करू नका, चांगलं लॉकही त्यानं ठेचून खराब होतं आणि बोटाला धोका वेगळाच.

त्याच्यानंतर मामांची परीक्षा. पात्याची पाठ टोकाजवळ चिमटीत धरायची आणि आधी डावीकडं-उजवीकडं हलवायचं, मग वर-खाली. डावं-उजवं किंचित हलत असेल तर घाबरू नका, मधला स्क्रू जरा आवळला की जातं. फक्त मध्ये स्क्रूच पाहिजे, ठोकून बसवलेला रिव्हेट असेल तर आवळायचं काय? पण वर-खाली हलत असेल तर ते स्क्रूचं काम नाही, लॉक आणि पातं यांचं मापच जुळलेलं नाही, ते नंतर वाढतच जातं. चाकूला बहुतेक टॉर्क्स म्हणजे ताऱ्यासारख्या खाचेचे स्क्रू असतात, टी६ आणि टी८ हे दोन बिट जास्त लागतात, हार्डवेअरवाल्याकडं नसले तर मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडं हमखास असतात. स्क्रू सारखा ढिला होत असेल तर निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रूचे आटे धरून ठेवणारा चिकट द्रव, अगदी सुईच्या टोकाएवढं लावायचं, जास्त लावलं तर ते वॉशरमध्ये उतरतं आणि पातंच जाम होतं.

बंद चाकूचीही परीक्षा असते, ती बहुतेक जण करतच नाहीत. वरून खाचेत बघा, पातं मधोमध आहे का एका बाजूला घासतंय. मग चाकू बंद करून उलटा धरा, पातं खाली सुटेल असा, आणि दोन-तीन झटके द्या. पातं बाहेर डोकावलं तर असला चाकू खिशात म्हणजे किल्ली काढायला हात घातला की रक्त.

आणि पात्याचं टोक. बंद केल्यावर टोक हँडलच्या आत पूर्ण बुडालेलं पाहिजे, पण डोळ्यानं बघून फसायला होतं. यावर आमच्या कारखान्यातली एक युक्ती आहे. टेरी टॉवेलचा तुकडा घ्या, तो बंद चाकूच्या उघड्या खाचेवरून, दोन्ही दिशांनी, न दाबता अलगद ओढा. टॉवेलला जे छोटे छोटे फासे असतात ते कशातही अडकतात. टोक अर्धा मिलिमीटर जरी वर आलेलं असेल तरी एखादा फासा त्यात अडकून लांब दोरा बाहेर येतो. दोरा निघाला तर तेच टोक उद्या पँटचा खिसा फाडणार आणि परवा तुमचं बोट. सोलापुरात टॉवेलचा तुकडा कुणाच्या घरात नाही? खिशात घालून दुकानात घेऊन जा.

धार मी मुद्दाम एवढ्या उशिरा सांगतोय, कारण धार नंतर लावता येते, लॉक नंतर लावता येत नाही. तरी बघायचीच. धार वर करून बल्बखाली धरा आणि हळू तिरपी करत जा. चांगली धार उजेड परत देत नाही, ती काळी रेघ दिसते. जिथं चांदीसारखा ठिपका चमकेल तिथं धार बोथट आहे किंवा तुटलीय. मग जुन्या पेपरचं एक पान हवेत धरून वरून खाली कापत या, संचार असो नाहीतर कुठलाही, बुडापासून टोकापर्यंत एकसारखं कापलं पाहिजे, मध्ये फाटायला लागलं तर तिथं धार नीट काढलेली नाही. एक-दोन ठिकाणी असेल तर ठीक, घरी दगडावर निघतं. पण धारेची तिरकी बाजू डावीकडं रुंद आणि उजवीकडं बारीक अशी असेल तर ते सरळ करायला लई धातू घासावा लागतो.

स्टीलच्या नावाला घाबरू नका, जपानी स्टील, जर्मन स्टील असं नुसतं लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही, नेमका ग्रेड विचारा. चिनी ग्रेडमध्ये एक सोपी खूण आहे, पहिला आकडा बघायचा. ८सीआर१३एमओव्ही म्हणजे कार्बन साधारण ०.८ टक्के आणि क्रोमियम १३ टक्के, हे बरं चालतं, धार पटकन लागते. ३सीआर१३ म्हणजे कार्बन ०.३ टक्क्याच्या आसपास, म्हणजे मऊ, चार बॉक्स फोडले की धार गेली. डी२ लिहिलेलं असेल तर एमआयडीसीत कुठल्याही टूलरूमवाल्याला विचारा, तो सांगेल हे डाय स्टील आहे, धार खूप दिवस धरतं पण साध्या दगडावर लावायला जीव जातो आणि पूर्ण स्टेनलेस नसतं, ओलं ठेवलं तर ठिपके पडतात. स्वीडनचं १४सी२८एन मिळालं तर डोळे झाकून घ्या, गंजत पण नाही आणि धार पण बारीक लागते. कडकपणाचा आकडा दिला असेल तर ५६ ते ६० एचआरसीच्या मध्ये बघा. व्हिक्टोरिनॉक्सचं स्टील ५६ च्या आसपास असतं, धार लवकर उतरते हे खरं, पण पाच मिनिटात परत लागते, आणि मला रोजच्या कामात तेच सोयीचं वाटतं.

साधं कार्बन स्टील घ्यायचं का? आपल्या हवेत गंज कोकणासारखा चढत नाही, पण मे महिन्यात ४३-४४ डिग्रीत दिवसभर घामानं भिजलेल्या खिशात चाकू राहतो, घामात मीठ असतं, त्यानं गंजतं. आणि डाळिंब. मामांनी एकदा कार्बन स्टीलच्या चाकूनं सालासकट डाळिंब कापलं, पुसलं नाही, तसाच बांधावर ठेवला, अर्ध्या तासात पातं निळं-काळं पडलं. डाळिंबाच्या सालीत टॅनिन असतं, त्याचा लोखंडाशी संबंध आला की काळा रंग तयार होतो, साल आणि लोखंड वापरून कापड काळं रंगवायची जुनी पद्धत यावरच चालते. तो काळा थर म्हणजे गंज नाही, पातं खराब झालं असंही नाही, पण पुढचं सफरचंद कापलं तर त्याला लोखंडाची चव लागते. बागेत किंवा डब्यासोबत वापरायचा असेल तर स्टेनलेसच घ्या.

हँडलचं फार नाही सांगत. लाकडी सुंदर दिसतं पण ओलं झालं की फुगतं आणि पातं उघडत नाही, ओपिनेलवाल्यांना हा अनुभव पावसाळ्यात हमखास येतो, वाळलं की परत मोकळं होतं. जी१० म्हणजे काचेच्या धाग्याचं कापड आणि इपॉक्सी, मिकार्टा म्हणजे कापडाचे किंवा कागदाचे थर रेझिनमध्ये दाबलेले, आपल्याकडं कारखान्यात ज्याला हायलम म्हणतात त्याच घरातलं, दोन्ही घामात घसरत नाहीत. गुळगुळीत स्टीलचं हँडल उन्हात तापतं आणि घामात निसटतं, मला आवडत नाही. क्लिप असेल तर काढता येते का बघा, खिशाच्या कडेला चाकूची क्लिप दिसत राहिली की लोकांना उगाच शंका येते, मी क्लिप काढूनच टाकतो.

कायद्याचं पण माहिती पाहिजे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे पातं ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद असेल तर तो चाकू शस्त्रात मोजला जातो, घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेला असेल तर वेगळं. आपला सात सेंटिमीटरचा त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ आहे, निवडणूक, मिरवणूक, बंदोबस्त असला की पोलीस आयुक्तालय त्याखाली आदेश काढतं आणि त्यात चाकूसुद्धा येतो, त्या दिवसांत चाकू घरी किंवा कामाच्या जागी ठेवायचा, कितीही छोटा असला तरी. कोर्टात, कलेक्टर ऑफिसात, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत नेऊ नका. आता सोलापूरहून विमान सुरू झालंय, तर चाकू हातातल्या बॅगेत नको, चेक-इनच्या बॅगेत टाका. दिल्लीला जाणाऱ्यांनी जास्त सांभाळा, तिथं १९८० ची एक अधिसूचना आहे, तिच्यामुळं बटणाच्या, स्प्रिंगनं उघडणाऱ्या चाकूचं पातं ७.६२ सेंटिमीटर आणि त्याच्या वर असेल तरी अडचण होते. एकूणच बटण दाबून फाटकन उघडणारा खटक्याचा चाकू कुणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका, त्याचं लॉक बहुतेक वेळा कच्चं असतं आणि पोलिसांना तो कामाचा आहे हे पटवायला अवघड जातं. आणि संरक्षणासाठी म्हणून चाकू खिशात ठेवणाऱ्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे, भांडणात हा चाकू काढला तर सगळ्यात आधी तुमचंच आयुष्य वाया जाणार. हे हत्यार नाही, अवजार आहे.

घेतल्यावर पहिले पंधरा दिवस बिल आणि बॉक्स फेकू नका. रोज सुतळी, पट्टी, पुठ्ठा, लिंबू, जे तुमचं काम असेल ते करा, पुठ्ठ्यानं धार सगळ्यात लवकर जाते त्यामुळं खरं काय ते चार दिवसात कळतं. टोकानं डब्याचं झाकण उचकटू नका, पातं त्यात पिळू नका, कुठलाच घडीचा चाकू त्यासाठी नसतो. धार उतरली तर सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याला देऊ नका, विळी-सुऱ्यांचं तो करतो ते ठीक आहे पण या पातळ पात्यावर ठिणग्या उडाल्या की धार गरम होते, निळसर पडली की तिथलं पाणी उतरलं, म्हणजे स्टील मऊ पडलं समजा. दोन बाजूंचा साधा कार्बोरंडमचा दगड घ्या. कोन किती ठेवायचा तर कागदाचा काटकोन कोपऱ्यातून एकदा दुमडा, ४५ झाले, परत दुमडा, साडेबावीस झाले, तो कागद दगडावर उभा ठेवून पातं तेवढंच तिरकं धरायचं.

पंधराव्या दिवशी परत टॉवेलच्या घडीवर दाबून बघा, परत टोक धरून वर-खाली हलवा, परत उजेडात लॉकची पट्टी बघा. पहिल्या दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवला असेल तर तुलना सोपी जाते. पट्टी जागेवर असेल तर चाकू ठेवा, सरकलेली दिसली तर त्याच दिवशी परत करायला जा. आणि माग-टॉवेलच्या कारखान्यात असाल तर महिन्यातून एकदा बिजागरीतला रुवा, म्हणजे सुताचा उडणारा बारीक कापूस, जुन्या टूथब्रशनं काढा, आमच्याकडं तो एवढा साचतो की लॉकची पट्टी त्याच्यावरच टेकून अर्धवट बसते आणि वरून सगळं नीट दिसतं. रुवा काढल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, जास्त नको, जास्त तेलाला रुवा अजून चिकटतो.